डिस्क रंगवायची तर आधी पुडी बदला

लातूरहून एकाने विचारलं आहे: ‘चुलतभावाने अमेरिकेहून डिस्क गोल्फच्या, म्हणजे फेकून टोपलीत टाकायच्या प्लास्टिकच्या, चार पांढऱ्या डिस्क आणल्या. एक रंगवून पाहिली. बाजारातून कपड्याच्या रंगाची पुडी आणली, पातेल्यात पाणी उकळलं, मीठ घातलं आणि डिस्क बुडवून ठेवली. काढली तेव्हा छान गुलाबी दिसत होती. नळाखाली धरली आणि सगळा रंग वाहून गेला. वर डिस्क वाकडी झाली ती वेगळीच. व्हिडिओत लोक रंगात अ‍ॅसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते) घालून गरम करताना दिसतात. घरच्या गॅसवर हे चालेल का? की उरलेल्या तीन तशाच ठेवू?’

गॅसवर अ‍ॅसिटोन अजिबात नको. बाकीचं निवांत वाचा, पण हे आधी डोक्यात पक्कं करा. कारण पुढे येईलच.

तुमचा समज असा दिसतोय की उष्णता कमी पडली किंवा वेळ कमी पडला, आणि त्यावर अ‍ॅसिटोन हा जालीम उपाय आहे. मला तसं वाटत नाही. त्या पुडीतला रंग त्या प्लास्टिकसाठी नव्हताच. आणखी दोन तास उकळलं असतं तरी डिस्क जास्त वाकडी झाली असती, रंगली नसती. माझी नोकरी पॉलिस्टर धाग्याच्या डाइंगमध्ये, म्हणजे रंगाईत, गेली, डिस्क रंगवायचा नाद नंतर लागला. पण पहिल्याच डिस्कच्या वेळी लक्षात आलं की केमिस्ट्री तीच आहे, फक्त माल वेगळा.

किराणा दुकानात किंवा बाजारात मिळणारी पुडी सुती कपड्यासाठी असते. तो रंग पाण्यात विरघळतो, मिठाच्या मदतीने सुताला धरतो. पैठणीचं रेशीम रंगवतात तो अ‍ॅसिड डाय. तोही पाण्यात विरघळणारा, फक्त रेशमाला आणि लोकरीला चिकटणारा. प्लास्टिकला पाण्याचंच वावडं, त्यामुळे हे दोन्ही रंग त्याच्या वर नुसते बसून राहतात आणि नळाखाली गेले की उतरतात. तुमच्या डिस्कवर नेमकं हेच झालं.

प्लास्टिकला लागतो डिस्पर्स डाय. पॉलिस्टरच्या साड्या, शर्टिंग, पडदे ज्याने रंगतात तो. हा पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात तरंगत राहतो आणि संधी मिळाली की पाणी सोडून प्लास्टिकच्या आत शिरतो. पॉलिस्टरचा धागा आतून फार घट्ट असतो, म्हणून कारखान्यात त्याला बंद मशीनमध्ये दाबाखाली १३० अंशांपर्यंत तापवावं लागतं. डिस्कचं चांगलं प्लास्टिक पॉलियुरेथेनच्या जातीचं, आतून बरंच मोकळं. त्याला ५५-६० अंश पुष्कळ झाले, आणि तास हाताशी असतील तर खोलीच्या उष्णतेवरही काम होतं. मेंदीसारखा हिशोब आहे: माल चांगला हवा, ऊब हवी, आणि लवकर धुवायची घाई नको.

आता हा रंग मिळवायचा कुठे? परदेशात या छंदातले लोक जॅकार्ड कंपनीचा ‘आयडाय पॉली’ किंवा रिटचा ‘डायमोर’ वापरतात. ऑनलाइन मागवताना नावातला ‘पॉली’ शब्द तपासा. त्याच कंपनीचा नुसता ‘आयडाय’ सुती आणि रेशमी कापडासाठी असतो, पाकीट दिसायला सारखंच, आणि तो मागवलात तर पुन्हा नळाखालचा तोच खेळ. आपल्याकडे सुरत, अंकलेश्वर, वापी या पट्ट्यात डिस्पर्स डाय भरपूर बनतो, त्यामुळे कापडाच्या रंगांचा ठोक व्यापारी असेल तिथे ‘पॉलिस्टरचा डिस्पर्स डाय’ असं स्पष्ट मागा. ‘कपड्याचा रंग’ म्हणालात की पुन्हा सुताचीच पुडी हातात पडेल. लाल, पिवळा, निळा आणि काळा एवढे चार पुरतात.

आणखी एक वाट आहे. तालुक्याच्या गावातही मगवर फोटो छापून देणारा असतो. त्याच्याकडची सब्लिमेशनची (उष्णतेने मगवर उतरणारी) शाई मुळात डिस्पर्स डायच आहे. ओळखीचा असेल तर दोन-चार थेंब मागून आणा आणि डिस्कच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, लावून रात्रभर ठेवा. सकाळी साबणाने धुऊन डाग राहिला तर तुमचं प्लास्टिक रंग घेतं हे फुकटात कळलं. मात्र त्याच्या हीट प्रेसमध्ये डिस्क घालायचा मोह नको. ते यंत्र १८०-२०० अंशांवर चालतं, डिस्कची पोळी होईल.

हे ‘तुमचं प्लास्टिक’ प्रकरण महत्त्वाचं, कारण इथे माझं उत्तर तुमच्या डिस्कवर अवलंबून आहे. सगळ्या डिस्क एका प्लास्टिकच्या नसतात. एकच साचा कंपनी तीन-चार दर्जांत काढते. डिस्कवर छापलेलं नाव वाचा. इनोव्हा कंपनीची असेल तर ‘चॅम्पियन’ आणि ‘स्टार’ रंग छान घेतात. ‘डीएक्स’ हा स्वस्त दर्जा घेत नाही, घेतलाच तर फिका आणि पुसट. डिस्क्राफ्टची ‘झी’ आणि ‘ईएसपी’ चांगली, ‘प्रो-डी’ नाही. लॅटिट्यूड ६४ ची ‘ऑप्टो’ आणि ‘गोल्ड’ चांगली. एमव्हीपीच्या डिस्कला कडेचं कडं वेगळ्या प्लास्टिकचं असतं, तिथे मधला भाग आणि कडा सारख्या रंगतील अशी अपेक्षा ठेवू नका. नाव पुसलं असेल तर हाताने अंदाज घ्या: चिवट, थोडी रबरासारखी लवचीक डिस्क बहुधा रंग घेते, कोरडी, नखाने चरा पडणारी घेत नाही. खात्री मात्र वर सांगितलेल्या थेंबानेच होते.

पांढरी डिस्क सगळ्यात सोयीची, कारण हा रंग पारदर्शक असतो. खालचा रंग झाकत नाही, त्यात मिसळतो. पिवळ्या डिस्कवर निळा टाकाल तर हिरवा मिळेल. आणि पांढरा डाय नावाची वस्तू नाही. डिझाइनमध्ये पांढरं हवं तिथे डिस्क कोरी सोडावी लागते.

आता अ‍ॅसिटोन. लोक ते घालतात कारण ते प्लास्टिकचा वरचा थर किंचित फुगवतं आणि रंग पटकन आत जातो. खोटं नाही. पण अ‍ॅसिटोनची वाफ उणे २० अंशांवरही पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता ओट्यावरून खाली उतरून पसरते. आपल्या स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली, देवापुढे निरांजन, कोपऱ्यात फ्रीज. अशा ठिकाणी ते तापवणं म्हणजे आग मागून घेणं. इंडक्शनवर करतो म्हणाल तरी बंद खोलीत नकोच. ज्यांना बुडवून रंगवायचंय ते मोकळ्या जागी, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून करतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. शिवाय चांगल्या डिस्कसाठी त्याची गरजही पडत नाही.

अ‍ॅसिटोनचा एकच उपयोग मी करतो: डिस्कवरचा चमकदार छापा काढायला. त्या छाप्याखाली रंग जात नाही. गच्चीवर किंवा अंगणात, कापसाच्या बोळ्यावर थोडंसं घेऊन हलक्या हाताने पुसायचं, छापा सुटला की थांबायचं. घासत बसलात तर पृष्ठभाग चिकट आणि खरबरीत होतो. आणि ते थर्मोकोलच्या कपात ओतू नका, कप विरघळून सगळं खाली येतं.

म्हणजे आतापर्यंत: डिस्पर्स डाय, चांगल्या दर्जाची पांढरी डिस्क, आणि अ‍ॅसिटोन फक्त छाप्यापुरतं. आता पद्धत.

मी तुम्हाला शेव्हिंग फोमची पद्धत सुचवेन. रंगवताना गॅस लागत नाही, पाणी बादलीभर पुरतं. लातूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं तुम्ही पाहिलं असेल. पातेलंभर रंगीत पाणी करून एका डिस्कसाठी ओतून देणं मला आपल्या भागात कधी पटलं नाही.

आधी डिस्क भांड्याच्या साबणाने धुवा, पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. त्यानंतर वरच्या बाजूला बोट लावायचं नाही, कड धरूनच उचलायची. बोटाचा तेलकट ठसा रंगाला अडवतो आणि तयार डिस्कवर तुमचा अंगठा कायमचा उमटतो.

रंग भिजवायला बोअरचं पाणी घेऊ नका. आपल्या बोअरच्या पाण्याला इतके क्षार असतात की बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. आम्ही कामावरही या रंगांना मऊ पाणीच वापरत होतो. घरी जारचं किंवा आरओचं पाणी घ्या, कोमट करा, गॅस बंद करा, आणि लहान वाटीत चिमूटभर पावडर दोन-तीन चमचे पाण्यात कालवा. भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला की कण नीट पसरतात. शाईइतका दाट झाला पाहिजे. पाण्यासारखा पातळ ठेवलात तर डिस्कवर नुसती छटा येईल. मग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा. न विरघळलेला कण फोमवर पडला की डिस्कवर तिथे गडद ठिपका येतो, तो पुन्हा निघत नाही.

पावडर उघडताना पंखा बंद, तोंडाला मास्क, हातात मोजे. काही निळ्या डिस्पर्स रंगांची त्वचेला अ‍ॅलर्जी येते हे कापड उद्योगात माहीत असलेलं आहे. वाटी, चमचा, परात एकदा या कामाला घेतली की परत स्वयंपाकाला नाही. त्यावर मार्करने खूण करून ठेवा, नाहीतर घरातलं कोणीतरी त्याच परातीत कणीक मळायला घेईल.

जुनी परात घ्या, डिस्कपेक्षा चार बोटं मोठी. डिस्क साधारण २१-२२ सेंटीमीटरची असते. परातीत शेव्हिंग फोम भरा; जेल नको, पांढरा फेसच हवा. थर दोन बोटं जाड ठेवा आणि पट्टीने वरून सपाट करा. आता ड्रॉपरने रंगाचे थेंब सोडा. शेजारी शेजारी दोन रंग, मध्ये थोडी कोरी जागा. काडी किंवा विणायची सुई घेऊन एकदा, फार तर दोनदा ओढा. इथे प्रत्येक नवख्याचा हात थांबत नाही. ढवळत राहिलं की लाल, निळा, पिवळा मिळून चिखलाचा रंग होतो, आणि तो फोमवर फारसा कळत नाही, डिस्क धुतल्यावर कळतो. कमी ओढा. रंगांच्या रेघा वेगवेगळ्या दिसत असतानाच थांबा.

मग डिस्क पालथी करून एका कडेने टेकवा आणि हळूहळू आडवी करत फोमवर झोपवा. सरळ वरून ठेवली तर खाली हवा अडकते आणि तिथे पांढरा गोल राहतो. मध्यभागी हलकं दाबून एक-दोनदा किंचित हलवा. डिस्क बुडवायची नाही, वरची बाजू फोमला पूर्ण लागली की झालं.

आता वाट बघायची. इथे मराठवाड्याची उष्णता आपल्या बाजूने आहे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत रात्रभरात रंग खोल बसतो. डिसेंबरात, विशेषतः परभणी-हिंगोलीकडच्या थंडीत, चोवीस तास ठेवूनही फिका राहू शकतो. तेव्हा डिस्क ठेवण्याआधी तिला कोमट पाण्यात थोडा वेळ बसवून पुसून घ्या, आणि परात गोधडीत गुंडाळा. उन्हाळ्यात अडचण उलटी असते, हवा इतकी कोरडी की कडेचा फोम सुकून डिस्कपासून सुटतो. म्हणून वरून दुसरी परात पालथी घाला. आणि ऊब मिळावी म्हणून परात गच्चीवर उन्हात नेऊन ठेवू नका, कारण फोम सुकतो आणि डिस्क एका अंगाने तापून वाकते.

वाकण्यावरून आठवलं, तुमची आधीची डिस्क टाकून देऊ नका. उकळत्या पाण्याने तिचा आकार गेलाय, प्लास्टिक खराब झालेलं नाही. हात घालवेल न घालवेल इतक्या गरम पाण्यात ती पाच मिनिटं ठेवा, मऊ झाली की शहाबादी फरशीवर सुलट ठेवून कड चहूकडून फरशीला टेकेपर्यंत तळव्याने दाबा आणि तशीच गार होऊ द्या. पहिल्या खेपेत पूर्ण सरळ झाली नाही तर पुन्हा करा. ती पूर्वीसारखीच उडेल अशी हमी देत नाही, पण रंगाच्या चाचणीला तिच्यासारखी डिस्क नाही. पहिला प्रयोग तिच्यावरच करा.

फोममधून काढलेली डिस्क पाहून बरेच जण निराश होतात, कारण ती नुसती काळपट दिसते. आधी पट्टीने फोम खरवडा आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाका. शोषखड्ड्यात किंवा झाडांच्या आळ्यात रंगाचं पाणी सोडू नका. मग गार पाणी आणि साबण. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. जे राहिलं ते प्लास्टिकच्या आत गेलेलं असतं, ते निघत नाही.

फोमने ढगाळ, वाहती नक्षी मिळते. नाव, शिवमुद्रा, वाघ असं काही नेमकं हवं असेल तर स्टेन्सिल लागेल, आणि त्यासाठी महागडं कटिंग मशीन घ्यायची गरज नाही. गाडीवर नावं टाकून देणारा रेडियमवाला प्लॉटरवर विनाइल कापून देतो. त्याला ‘उलटं पाहिजे’ हे समजावून सांगा: रंग जिथे हवा तिथे भोक, बाकी स्टिकर झाकलेला. डिझाइन सपाट भागातच ठेवा, कडेच्या गोलाईवर विनाइल सुरकुततं आणि रंग खाली झिरपतो. दोन-तीन रंग हवे असतील तर सगळ्यात गडद आधी. तो बसला की पुढचा तुकडा सोलायचा आणि फिका रंग लावायचा. काळ्यावर पिवळा चढला तरी काळा काळाच राहतो, उलट क्रम केलात तर डिझाइन गेलं.

स्पर्धेत चालेल का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. डिस्क गोल्फची जागतिक संघटना पीडीजीए रंगवलेल्या डिस्कला हरकत घेत नाही, कारण डाय आत जातो, वर थर चढत नाही. स्प्रे पेंट, नेलपॉलिश, एनॅमल यांचा बोटाला जाणवणारा थर बसला की ती डिस्क बाद. वजनालाही मर्यादा आहे: व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅम, आणि कशीही असो, २०० ग्रॅमच्या वर नाही. डायने वजनात मोजण्याइतका फरक पडत नाही.

राहिली निगा. डिस्पर्स डाय एकदा आत गेला तरी तिथे गोठून बसत नाही, हळूहळू सरकत राहतो. म्हणून बारीक रेघा वर्षा-दोन वर्षांत थोड्या फुगतात. हे धरूनच डिझाइनमध्ये रेघ जाड ठेवा. आणि रंगवलेली डिस्क दुसऱ्या पांढऱ्या डिस्कला चिकटून उन्हाळ्यात बॅगेत राहिली तर तिचा रंग शेजारणीवर उमटतो. मध्ये पातळ कापड घाला. एप्रिल-मेमध्ये बॅग गाडीच्या डिकीत तर ठेवूच नका, तिथे उन्हाच्या तापाने डिस्क वाकते. घरात सावलीत, उभी न ठेवता आडवी.